मानसोपचाराच्या औषधाची तीव्र रिॲक्शन येऊन गेलेल्या पेशंटला भूल देताना: काय ठरवायचं, काय टाळायचं

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारावरच्या औषधामुळे माणूस एकदा आयसीयूत जाऊन आलेला असेल, तर पुढे हर्निया, सिझेरियन किंवा मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन निघालं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. "याला भूल सोसेल का?" हा पहिला प्रश्न असतो. भूलतज्ज्ञ म्हणून माझं उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच असतं. प्रोपोफॉल, फेंटानिल, कमरेतून दिलं जाणारं बुपिव्हाकेन या भुलीच्या मुख्य औषधांचा त्या जुन्या रिॲक्शनशी सहसा काही संबंध नसतो. भीती वाटावी ती भुलीच्या आगेमागे टोचल्या जाणाऱ्या छोट्या इंजेक्शनांची. उलटीचं, गुंगीचं, बडबड थांबवण्याचं इंजेक्शन कुणी वेगळा विचार करून देत नाही, सवयीने दिलं जातं. त्यातली बरीचशी औषधं डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा मार्ग अडवतात, आणि जुनी रिॲक्शन बहुतेकदा नेमकी त्याच कारणाने आलेली असते.

हा संबंध योगायोगाचा नाही. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचं पहिलं प्रभावी औषध १९५० साली फ्रान्समध्ये तयार झालं. त्याचा गुण पहिल्यांदा लक्षात आला तो आंरी लाबोरी या नौदलाच्या सर्जनला, ऑपरेशनच्या पेशंटमध्ये. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात दले आणि दनिकेर यांनी ते मनोरुग्णांसाठी वापरलं. पुढे १९५८ मध्ये बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. फेंटानिल आणि ड्रोपेरिडॉल हीसुद्धा तिथलीच. ही दोन्ही एकत्र देऊन भूल देण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. म्हणजे मानसोपचार आणि भूल या दोन्ही शाखांच्या कपाटात एकाच घराण्यातली औषधं पहिल्यापासून आहेत.

पुढच्या पायऱ्या पेशंट आणि नातेवाईकांसाठी लिहिल्या आहेत. तालुक्याच्या हॉस्पिटलात एकट्याने रात्र काढणाऱ्या तरुण डॉक्टर-सिस्टरनाही त्या उपयोगी पडाव्यात. औषध निवडण्याचं काम तुमच्या भूलतज्ज्ञांचं आहे. त्यांना नीट निवडता यावं म्हणून लागणारी माहिती मात्र बहुधा तुमच्याचकडे असते.

पायरी १: नेमकी कोणती रिॲक्शन होती?

फाइलवर "औषधाची ॲलर्जी" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून काही ठरवता येत नाही. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसतेच. "रिॲक्शन" या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीसाठी काळजी वेगळी घ्यावी लागते.

सगळ्यात जास्त दिसते ती ॲक्यूट डिस्टोनिया. मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते किंवा आत ओढली जाते, जबडा आवळतो. पाहणाऱ्याला फिट वाटते, पण पेशंट पूर्ण शुद्धीत असतो आणि ताप नसतो. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत, तरुण मुलांमध्ये जास्त. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं की सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटते. क्वचित घशाचे स्नायू आवळतात आणि श्वासाला आवाज येऊ लागतो. तसं झालं असेल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा, कारण श्वासनलिकेत नळी घालणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

दुसरी, आणि खरी गंभीर, म्हणजे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, डॉक्टरांच्या बोलण्यात एनएमएस. तिचं वर्णन फ्रेंच डॉक्टरांनी १९६० मध्ये केलं. अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप चढतो, घाम सुटतो, नाडी आणि बीपी वरखाली होतात, माणूस गोंधळतो किंवा मुका होतो. स्नायू झिजून त्यांतलं सीपीके हे एन्झाइम रक्तात हजारांच्या घरात जातं, आणि स्नायूंचा रंग लघवीत उतरून मूत्रपिंडावर भार पडतो. बहुतेकांना औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत होते. दुर्मिळ आहे, पण जीवघेणी ठरू शकते. एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

तिसरी गोष्ट हृदयाच्या ठोक्यांची: ईसीजीत क्यूटी अंतर लांबणं, त्यातून चक्कर किंवा बेशुद्धी. चौथी क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची: पांढऱ्या पेशी घसरणं किंवा हृदयाच्या स्नायूला सूज.

जुने कागद नसतात तेव्हा प्रश्न विचारूनच पत्ता लागतो. एका आईशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, गावातल्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी पोरगा कडक झाला. डोळे उघडे, पण मला ओळखेना."

"मावशी, ताप होता?"

"फणफणला होता. आम्हाला वाटलं मलेरिया."

"आणि लघवी?"

"कोऱ्या चहासारखी. थोडी थोडी व्हायची."

"किती दिवस ठेवलं होतं हॉस्पिटलात?"

"तीन आठवडे. दोन वेळा डायलिसिस केलं."

हातात एकही कागद नव्हता. पण ताप, ताठरपणा, हरपलेलं भान, काळपट लघवी आणि डायलिसिस एवढं एकत्र आल्यावर हा एनएमएस धरूनच पुढची सगळी आखणी करायची. म्हणून घरच्यांनी आठवून ठेवावं ते हे: इंजेक्शन किंवा गोळी कोणती होती, त्यानंतर किती दिवसांनी त्रास सुरू झाला, ताप होता का, शुद्ध होती का, लघवीचा रंग कसा होता, किती दिवस ॲडमिट होता. डॉक्टरांच्या तोंडी "सीपीके" हा शब्द ऐकल्याचं आठवत असेल तर तेही सांगा.

पेशंटलाही विचारा. तो बोलत असताना नातेवाईकांनी मध्येच "त्याला काय कळतंय" म्हणू नये. डिस्टोनिया भोगलेला माणूस तो क्षण विसरत नाही आणि अनेकदा इंजेक्शनचं नावही तोच सांगतो.

पायरी २: कागद मिळवा आणि एक चिठ्ठी बनवा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार पेशंटला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मागण्याचा हक्क आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं असोत, गोव्यातलं बांबोळीचं इन्स्टिट्यूट असो की खासगी दवाखाना, डिस्चार्ज समरीची प्रत लेखी अर्ज करून मागा. त्याच कायद्याने आगाऊ सूचनापत्र करता येतं, म्हणजे आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि अडचणीच्या वेळी आपल्या वतीने कोण बोलेल, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हेही ठरवून ठेवता येतं.

मग पाकिटात मावेल अशी चिठ्ठी लिहा आणि तिचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा. मजकूर साधारण असा असावा:

"हॅलोपेरिडॉल इंजेक्शननंतर एनएमएस, आयसीयूत उपचार (साल, हॉस्पिटल). देऊ नये: हॅलोपेरिडॉल, ड्रोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, लेव्होसल्पिराइड. उलटीसाठी: ऑनडानसेट्रॉन, डेक्सामेथासोन. बेचैनीसाठी: मिडाझोलाम किंवा लोराझेपाम. चालू औषधं: … मानसोपचारतज्ज्ञांचा फोन: …"

ही चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून, सही-शिक्क्यासह घ्या. चालतील अशा औषधांची नावंही तिच्यात हवीत. नुसतं "हे देऊ नका" वाचून रात्रपाळीच्या डॉक्टरला काय द्यायचं ते कळत नाही.

पायरी ३: ऑपरेशन आत्ता की नंतर?

अपेंडिक्स फुटलंय, बाळाचे ठोके घसरतायत, अशा वेळी थांबायचा प्रश्नच नाही. ठरवून करायचं ऑपरेशन असेल आणि एनएमएस नुकताच होऊन गेला असेल, तर अंगाचा ताठरपणा पूर्ण जाईपर्यंत, सीपीके आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) नॉर्मल होईपर्यंत थांबा. मानसोपचारतज्ज्ञ नवं औषध हळूहळू चढवत असतील, तर त्या काळातही मी ऑपरेशनची तारीख घेत नाही. त्या दिवसांत ताप आला तर तो जखमेचा, औषधाचा की भुलीचा, हे उलगडता उलगडत नाही.

पायरी ४: चालू औषधं मनाने बंद करू नका

रिॲक्शनच्या धास्तीने घरचे ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सगळ्याच गोळ्या बंद करतात. यातून दुहेरी नुकसान होतं. आजार उसळतो, पेशंट रात्री आक्रमक होतो, आणि मग त्याला शांत करायला नेमकं नको तेच इंजेक्शन दिलं जातं.

क्लोझापिनबद्दल एक ठाम नियम लक्षात ठेवा. सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करायचा नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. म्हणून ऑपरेशननंतर तोंडाने गोळी कधी घेता येईल, हे सर्जनना आधीच विचारून ठेवा. याच औषधाबाबत आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही: बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. हॉस्पिटलात बिडी सुटली की रक्तातली पातळी वाढते, गुंगी येते, क्वचित फिटही येते. हा परिणाम धुराचा आहे. तंबाखू चघळणाऱ्याला तो लागू नाही.

लिथियम चालू असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी किती वेळ थांबवायचं हे भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवतात, कारण ते स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबवतं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं त्याची पातळी वाढवतात. पार्किन्सन्ससाठी लिव्होडोपा चालू असेल तर ते एक दिवसही चुकवू नका. ते अचानक थांबल्यावर एनएमएससारखंच चित्र उभं राहू शकतं. महिन्याचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर शेवटची तारीख सांगा. ते औषध अंगातून काढून घेता येत नाही.

पायरी ५: तपासण्या

नेहमीच्या तपासण्यांत चार गोष्टी आवर्जून जोडायला सांगा: ईसीजीवरचं क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाप्रमाणे जुळवून घेतलेलं क्यूटी अंतर), पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ऑपरेशनआधीचं सीपीके. क्यूटीसी ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं. सीपीकेचं महत्त्व नंतर कळतं. चाकू लागला, दंडात इंजेक्शन टोचलं तरी सीपीके थोडं वाढतंच. आधीचा आकडा हातात असेल तर ते नेहमीचं वाढलंय की एनएमएसमुळे उसळलंय, हे सांगता येतं. क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशींची मोजणी हवी, क्लोझापिन किंवा ओलांझापिन असेल तर साखरही.

पायरी ६: भुलीचा प्रकार

छोट्या कामाला जागेपुरती भूल, कमरेखालच्या ऑपरेशनला कमरेतली भूल, हाताला खांद्याजवळ ब्लॉक. हे जमण्यासारखं असेल तर माझा कल तिकडेच असतो. औषधं कमी लागतात, उलटी कमी होते, पेशंट बोलत असतो त्यामुळे बदल लगेच कळतो. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन दोन्ही चालतात. एक सांभाळायचं: क्लोझापिन, क्लोरप्रोमाझिन अशी औषधं रक्तवाहिन्या सैल ठेवतात, त्यामुळे कमरेतल्या भुलीनंतर बीपी जास्त घसरू शकतं. ते सावरायला ॲड्रिनॅलिनपेक्षा फिनाइलएफ्रिन किंवा नॉरॲड्रिनॅलिन बरं. हृदय थांबलं किंवा खरी ॲलर्जी आली तर ॲड्रिनॅलिन अर्थातच द्यायचं. तिथे हा विचार करत बसायचं नाही.

पण ही भूल सगळ्यांनाच मानवते असं नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, जो अनोळखी माणसांत घाबरून उठून बसतो, त्याला टेबलवर तासभर जागं ठेवणं हा छळ आहे. अशा वेळी पूर्ण भूल जास्त दयाळू आणि जास्त सुरक्षितही असते. कमरेतली भूल देऊन हलकी गुंगी हवी असेल तर थोडं मिडाझोलाम, प्रोपोफॉल किंवा डेक्समेडिटोमिडिन. फोर्टविन-फेनरगनची जोडी आपल्याकडे अजून सर्रास दिली जाते. त्यातलं फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन. एनएमएस झालेल्याला ती जोडी नको.

इथे एक बारीक मुद्दा आहे. डिस्टोनिया झालेल्याला प्रोमेथाझिन हे औषध म्हणून दिलं जातं, मग एनएमएसवाल्याला का टाळायचं? त्याचे दोन परिणाम आहेत. ॲसिटिलकोलिन हे मेंदूतलं दुसरं रसायन रोखण्याचा परिणाम जोरदार असतो आणि त्याने डिस्टोनिया सुटते. डोपामिन अडवण्याचा परिणाम दुबळा असतो, पण असतो. एनएमएस झालेल्याला तेवढी जोखीमही घेण्याचं कारण नाही, कारण तेच काम करणारी दुसरी औषधं आहेत. म्हणून पहिल्या पायरीत रिॲक्शनचा प्रकार ओळखायला एवढा वेळ द्यायचा.

पूर्ण भुलीत प्रोपोफॉल, फेंटानिल, मॉर्फिन आणि आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे भुलीचे गॅस वापरता येतात. केटामिनने भास होऊ शकतात, म्हणून मनोविकाराच्या पेशंटला मी ते नाइलाज असेल तरच देते. आजार पेटलेला असेल तर नाहीच. क्यूटी लांबलेलं असेल तर गॅसऐवजी प्रोपोफॉलच्या ड्रिपवर भूल ठेवणं चांगलं. भूल उतरवताना ॲट्रोपिनपेक्षा ग्लायकोपायरोलेट बरं, कारण ते मेंदूत जात नाही आणि गोंधळ वाढवत नाही.

आता स्कोलीनचा, म्हणजे स्नायू झटकन सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलिनचा प्रश्न. मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा भुलीचा वेगळा आजार. डेनबरो आणि लव्हेल यांनी मेलबर्नहून त्याचं पहिलं वर्णन केलं तेही १९६० मध्येच. गॅसने किंवा स्कोलीनने स्नायू पेटतात, ताप आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो. तो जनुकीय आहे, बऱ्याचदा आरवायआर-१ या जनुकात दोष असतो. नाव आणि लक्षणं सारखी म्हणून एनएमएस झालेल्या प्रत्येकाला गॅस आणि स्कोलीन बंद, असं अनेकदा सांगितलं जातं. दोन्हींचं मूळ वेगळं आहे. एनएमएसमधून पूर्ण बऱ्या झालेल्या कितीतरी पेशंटना ईसीटीच्या (मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराच्या) वेळी स्कोलीन दिलं गेलंय आणि हायपरथर्मिया झालेला नाही. (आपल्याकडे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे, त्यामुळे हा अनुभव आपल्या भूलतज्ज्ञांनाही रोजचा आहे.)

दोन अपवाद मात्र कडक पाळायचे. अंग अजून ताठ आहे, सीपीके चढलेलं आहे, पेशंट कित्येक दिवस खाटेला खिळून आहे, अशा वेळी स्कोलीनने पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं. तिथे रोक्युरोनियम हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध वापरायचं आणि ते उतरवायला सुगामाडेक्स हाताशी ठेवायचं. दुसरा अपवाद: ती जुनी "रिॲक्शन" ऑपरेशन थिएटरमध्ये गॅसवर असतानाच आली असेल, किंवा घराण्यात कुणी भुलीत ताप येऊन दगावलं असेल. मग हायपरथर्मिया धरूनच चालायचं: गॅस नाही, स्कोलीन नाही, मशीन आधी स्वच्छ हवेने धुऊन घ्यायचं, आणि डॅन्ट्रोलिन कुठे मिळेल याची चौकशी आदल्या दिवशीच करायची. त्याचा पहिला डोस किलोमागे २.५ मिलिग्रॅम असतो. जुन्या पद्धतीच्या २० मिलिग्रॅमच्या कुपीत ६० मिलिलिटर पाणी घालावं लागतं. ६० किलोच्या माणसाला अशा सात-आठ कुप्या लागतात, आणि त्या विरघळवायलाच दोन माणसं गुंततात.

पायरी ७: केसपेपरवरची "एसओएस" (गरज पडल्यास द्या) ओळ

या सगळ्यात मला सर्वात जास्त काळजी वाटते ती इथे. आपल्याकडच्या छोट्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, केस संपवून दुसरीकडे जातात. रात्री दोनला पेशंटला मळमळतं. सिस्टर केसपेपर उघडतात. तिथे सवयीने लिहिलेलं असतं: "इंज. पेरिनॉर्म १ अँप्यूल, एसओएस." पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रमाइड. ते मेंदूतलं डोपामिन अडवतं, एनएमएस आणि डिस्टोनिया दोन्ही घडवू शकतं. सिस्टरचा काही दोष नाही, त्यांनी लिहिलेलं पाळलं.

सिझेरियनच्या आधी रँटॅक आणि पेरिनॉर्म एकत्र देण्याची पद्धतही जुनी आहे. तेव्हा गरोदर पेशंटच्या बाबतीत हे लेबर रूममध्येच सांगायला हवं, थिएटरपर्यंत थांबून चालत नाही.

टाळायची नावं, दुकानातल्या ओळखीसह: मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म), प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), प्रोमेथाझिन (फेनरगन), हॅलोपेरिडॉल (सेरेनेस), ड्रोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन. उचकीसाठी क्लोरप्रोमाझिन दिलं जातं हे विसरू नका. केमोथेरपीच्या उलटीसाठी ओलांझापिन देतात, तेही याच घराण्यातलं.

पित्ताच्या गोळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. डिस्चार्जच्या वेळी पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलची जी जोडगोळी मिळते, तिच्या नावापुढे "एल" असेल तर सहसा आत लेव्होसल्पिराइड असतं. ते अँटिसायकॉटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारावरचं औषध आहे, पोटासाठी विकलं जातं एवढंच. "डी" असेल तर डॉमपेरिडॉन. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण क्यूटी लांबवतं. साधं पँटोप्राझोल मागा. चक्करेसाठीचं सिनारिझिन (स्टुजेरॉन) आणि अर्धशिशीचं फ्लुनारिझिन हीसुद्धा डोपामिन अडवतात. "टेन्शनची गोळी" म्हणून मिळणाऱ्या फ्लुपेंथिक्सॉल-मेलिट्रासेनमधलं फ्लुपेंथिक्सॉल हे सरळ अँटिसायकॉटिक आहे.

मग उलटीला काय? भूल देतानाच ४ ते ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (साखर सांभाळून), शेवटी ऑनडानसेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन. क्यूटीसी लांबलेलं असेल तर ऑनडानसेट्रॉन जपून द्यायचं. धोका जास्त असेल तर ऑपरेशनआधी ॲप्रेपिटंटची कॅप्सूल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उलटी होऊच नये अशी भूल द्यायची: प्रोपोफॉलवर, अफूवर्गीय वेदनाशामक कमी, जखमेभोवती बुपिव्हाकेन, सलाइनमधून अंगात पुरेसं पाणी. वेदनेसाठी ट्रामाडॉल मी टाळते. क्लोझापिनसोबत फिट येण्याचा धोका वाढतो आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत सेरोटोनिन सिंड्रोमचा (सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त झाल्याने येणारी रिॲक्शन, लक्षणं नवव्या पायरीत). पेथिडिनचंही नैराश्याच्या काही गोळ्यांशी जमत नाही.

नातेवाईकांनी एवढं करावं: ऑपरेशननंतर वॉर्डात आल्या आल्या ड्यूटीवरच्या सिस्टरना शांतपणे सांगा, "सिस्टर, याला पेरिनॉर्म, स्टेमेटिल, फेनरगन, सेरेनेस चालत नाही. उलटीसाठी काय लिहिलंय ते एकदा बघता का?" पाळी बदलली की नव्या सिस्टरनाही सांगा. कुणाला राग येत नाही. बहुतेक सिस्टर लगेच लाल पेनाने फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतात.

पायरी ८: पेशंट बेचैन झाला तर

भूल उतरताना किंवा दुसऱ्या रात्री पेशंट बडबडू लागला, सलाइन उपटू लागला, की "मानसिक पेशंट आहे" म्हणून हॅलोपेरिडॉल काढलं जातं. आधी कारण शोधायला सांगा. मूत्राशय तट्ट भरलंय का, वेदना आहे का, ऑक्सिजन किती, साखर किती, सोडियम किती, दारू सुटल्याचा त्रास तर नाही? खूप वेळा कॅथेटर घातल्याबरोबर माणूस शांत झोपतो. ओळखीचा चेहरा जवळ ठेवा, चष्मा आणि श्रवणयंत्र परत द्या. औषध लागलंच तर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम, श्वासावर नजर ठेवून. आयसीयूत डेक्समेडिटोमिडिन.

पायरी ९: ताप आला तर

तापमान १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलं आणि त्याच्या जोडीला अंग आवळतंय, घाम फुटलाय, नाडी पळतेय किंवा माणूस हाकेला ओ देत नाही, तर "ऑपरेशननंतर ताप येतोच" या समजुतीवर थांबू नका. सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम लगेच पाठवायला सांगा आणि सहा-आठ तासांनी पुन्हा. एकाच आकड्यापेक्षा चढता आलेख जास्त सांगतो. जखमेचा संसर्ग, मलेरिया, डेंग्यू यांचा शोध सोबतच चालू ठेवायचा.

वेळ आणि स्नायू पाहून बरंच ओळखता येतं. मॅलिग्नंट हायपरथर्मिया सहसा टेबलवर किंवा त्यानंतरच्या थोड्या तासांत दिसतो. सेरोटोनिन सिंड्रोम साधारण दिवसभराच्या आत: पाय थरथरतात, घोट्याला झटका दिला की पाऊल आपोआप उडत राहतं, जुलाब होतात. ॲट्रोपिनसारख्या औषधाचा अतिरेक असेल तर कातडी कोरडी, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली. एनएमएस तास-दिवसांच्या चालीने चढतो आणि स्नायू सगळीकडून सारखे ताठ लागतात.

संशय आला की डोपामिन अडवणारं प्रत्येक औषध त्याच क्षणी बंद. अंग थंड करणं, सलाइन भरपूर, लोराझेपाम. गरजेप्रमाणे ब्रोमोक्रिप्टिन, अमँटाडिन, डॅन्ट्रोलिन, आणि तरीही न उतरल्यास ईसीटी. हे आयसीयूतच करायचं, म्हणून छोट्या हॉस्पिटलने रेफर करायला उशीर लावू नये.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेबद्दल वेगळं सांगते. ही औषधं घेणाऱ्यांचं शरीर उष्णतेशी नीट जुळवून घेत नाही, आणि पाणी कमी पडणं हे एनएमएसचं एक ठळक निमित्त आहे. पत्र्याच्या वॉर्डात उपाशी ठेवलेल्या पेशंटचं सलाइन वेळेवर लागलंय ना, हे बघा. ऑपरेशनच्या यादीत त्याचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या.

पायरी १०: घरी गेल्यावर

डिस्चार्ज कागदावरचं प्रत्येक नाव सातव्या पायरीतल्या नावांशी ताडून पाहा आणि मगच मेडिकलमधून औषध घ्या. मानसोपचाराची औषधं कोणत्या दिवशी, किती डोसने पुन्हा सुरू करायची हे त्या तज्ज्ञांकडून लेखी घ्या. ते भेटत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. पुढचे दोन आठवडे घरात थर्मामीटर असू द्या.

भुलीच्या नोंदीचा कागद बहुतेक लोक मागत नाहीत. त्याची झेरॉक्स मागा. कोणती औषधं दिली आणि ती सोसली, हे त्यात असतं, आणि पुढच्या भूलतज्ज्ञाला त्याहून उपयोगी काही नाही. पुन्हा रिॲक्शन आलीच, तर डॉक्टरांना ती भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे नोंदवायला सांगा. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंट किंवा नातेवाईकही ती स्वतः कळवू शकतात. औषधाचं नाव, बॅच नंबर आणि दिल्याची तारीख हाताशी ठेवून फोन करा.